चाक किती भार सोसेल? बैलगाडीच्या आऱ्यापासून सायकलच्या तारेपर्यंत

१/
सिल्लोडहून उत्तरेकडे निघालेला रस्ता अजिंठा गावापाशी पठाराच्या कडेला येतो, घाट उतरतो आणि फर्दापूरमार्गे खानदेशात शिरतो. काळी माती, मुरूम, काळ्या पाषाणाची खडी आणि घाटाचा उतार हे सारे या एकाच वाटेवर भेटते. ‘येथे कोणते चाक टिकेल?’ हा प्रश्न गाडीवानाला पडला, तोफखान्याच्या अधिकाऱ्याला पडला आणि पुढे सायकलस्वारालाही पडला. तिघांनी शोधलेल्या उत्तरांचा हा इतिहास.

२/
प्रथम जमीन समजून घेऊ. दख्खनच्या लाव्हाच्या खडकापासून तयार झालेली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते, भेगाळते आणि पावसाळ्यात उमटलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होऊन बसतात. म्हणजे एकाच वाटेवर चाकाला वर्षातले काही महिने रुतण्याची भीती आणि उरलेले महिने आदळण्याची. दोन्ही संकटांना पुरणारे चाक घडवणे हे सोपे काम नव्हते.

३/
गावच्या सुतार-लोहारांचे उत्तर होते बैलगाडीचे चाक. मध्ये जाड तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठ्यांचे लाकडी वर्तुळ आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवली जाई. ती तापवून, प्रसरण पावली की चाकावर चढवत आणि वर पाणी ओतत. थंड होताना धाव आक्रसे आणि सगळे सांधे घट्ट आवळले जात. खिळ्यांपेक्षा या आवळण्यावरच चाकाची खरी मजबुती अवलंबून असे.

४/
या चाकाचे गणित सरळ आहे. गाडीचे ओझे आसावर, आसाचे तुंब्यावर आणि तुंब्याचे त्या क्षणी खाली असलेल्या आऱ्यावर येते. तो आरा खांबासारखा उभा राहून दाब सोसतो. ओझे वाढले की आरे जाड करावे लागतात, आरे जाड झाले की चाक जड होते आणि जड चाक ओढायला बैलांची ताकद खर्ची पडते. लाकडी चाकाची मर्यादा या साखळीत आहे.

५/
सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा प्रवास केलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने अशा गाड्यांचे वर्णन केले आहे. मालाच्या एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि सोबत चार शिपाई चालत. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले असत. खराब जागी गाडी कलू लागली की विरुद्ध बाजूचे शिपाई दोर ताणून तिला सावरत. चाक मजबूत असूनही वाट त्याला उलथवू शकते, याची ही नोंद आहे.

६/
म्हणूनच या प्रदेशात आणखी एक उत्तर शतकानुशतके प्रचलित राहिले: चाकच नको. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेत. हजारो बैलांचे असे तांडे ताव्हेर्निएनेही पाहिले होते. पाठीवरचे ओझे गाडीपेक्षा कमी, पण बैल जेथे पाय ठेवील तेथे वाट. घाट, ओढा, चिखल यांपैकी कशासाठीही थांबावे लागत नसे. लष्करांचा दाणागोटा त्यांच्या भरवशावर चाले तो यामुळेच.

७/
चाक, ओझे आणि जमीन यांचे नाते या परिसरात सर्वांत भीषण रीतीने दिसले ते २३ सप्टेंबर १८०३ रोजी. सिल्लोडच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य, त्यात पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणी आणि सुमारे शंभर तोफा. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची फौज.

८/
वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले. त्याने दुर्बिणीतून समोरासमोरच्या काठांवर वसलेली दोन गावे पाहिली आणि तर्क केला की एवढ्या जवळच्या गावांमध्ये ये-जा असणार, म्हणजे गाड्या-जनावरांना पार होता येईल अशी जागाही असणार. तर्क खरा ठरला. लढाईचे हे वळण गावकऱ्यांच्या रोजच्या वाटेने ठरवले.

९/
पुढे जे घडले ते चाकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मराठ्यांच्या तोफांच्या भडिमारात इंग्रजी तोफा ओढणारे बैल आणि त्यांना हाकणारे लोक पडले. तोफांची चाके शाबूत होती, पण ती फिरवणारे कोणी उरले नाही. तोफा जागीच सोडून पायदळाला चाल करावी लागली. दिवसअखेर इंग्रजांकडील ४२८ जण मृत्युमुखी पडले होते आणि ११३८ जखमी होते. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

१०/
जखमींना हलवण्याचा प्रश्न लढाईइतकाच कठीण ठरला. त्यांच्यासाठी अखेर अजिंठा येथे रुग्णालय उभारण्यात आले, म्हणजे आजच्या सिल्लोड तालुक्यातच. अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये. त्याच्या सोळा वर्षे आधी अजिंठा हे नाव इंग्रजी लष्करी पत्रव्यवहारात आले ते घाट, किल्ला आणि जखमी सैनिक यांच्या संदर्भात.

११/
त्याच दशकात, १८०८ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये जॉर्ज केली उडत्या यंत्राचा विचार करत होता. यंत्राला चाके हवीत, पण ती अगदी हलकी हवीत. केलीने आपल्या वहीत मांडलेली कल्पना अशी: आरा खांबासारखा उभा करण्याऐवजी तो दोरीसारखा ताणावा. दाब सोसायला जाड लाकूड लागते. ताण सोसायला मात्र बारीक तार पुरते. सायकलच्या चाकाचे बीज या कल्पनेत आहे, आणि तेव्हा सायकल जन्मलीही नव्हती.

१२/
१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पायडलची सायकल आली तेव्हा तिची चाके मात्र गाडीचीच होती: लाकडी आरे आणि लोखंडी धाव. दगडी रस्त्यावर ती इतकी हादरे की इंग्रजांनी तिला ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे नाव दिले. १८६९ मध्ये पॅरिसच्या युजीन मेयरने तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. पुढल्याच वर्षी कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी तारांच्या चाकांच्या सायकलचे पेटंट घेतले.

१३/
तारांचे चाक उभे कसे राहते, हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्व तारा आधीच जोराने ताणलेल्या असतात. ओझे आले की रिमचा जमिनीलगतचा भाग किंचित आत दबतो आणि तेथील तारांचा ताण कमी होतो. खालच्या तारांची ओढ घटली आणि वरच्यांची तशीच राहिली, की उरलेली ओढ ओझे तोलून धरते. म्हणून अट एकच: खालच्या तारेचा ताण कधीही शून्यावर येता कामा नये. तार सैल पडली की ती रिमला काहीच आधार देत नाही.

१४/
सुरुवातीच्या तारा तुंब्यापासून सरळ रिमकडे जात. पायडल मारल्यावर तुंबा फिरे, पण सरळ तारा ती पिळवटणारी शक्ती रिमपर्यंत नीट पोहोचवू शकत नसत. १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने तारा तिरप्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या बसवण्याचे पेटंट घेतले. काही तारा पुढे ओढतात, काही मागे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सायकलींच्या चाकांत हीच जाळी आहे. दीडशे वर्षांत तिच्यात मूलभूत बदल झालेला नाही.

१५/
१८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने समान चाकांची, साखळीची ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. निमित्त होते मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे हादरे. हवेची नळी म्हणजे चाकाला मिळालेली गादी. खड्ड्याचा धक्का आता थेट रिमवर न जाता आधी हवेत मुरू लागला.

१६/
त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवणारे लक्ष्मणराव तेथून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत. पुढे लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शंका तेव्हा शेतकऱ्यांना होती. परदेशी अवजाराची परीक्षा शेवटी येथल्या मातीतच होते, हा धडा या घराण्याने सायकल व नांगर दोन्हींतून घेतला.

१७/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे रुळली ती इंग्रजी धाटणीची काळी, जड सायकल. टायर २८ × १½ इंच, रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. इंग्रज कारखान्यांची जुनी रीत अशी की पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. कारण उघड आहे. स्वाराचे बरेचसे वजन मागच्या चाकावर पडते आणि कॅरिअरवरचे ओझे तर जवळपास सगळेच. जेथे भार अधिक, तेथे वाटून घेणारे हात अधिक.

१८/
हिशेब करून पाहू. समजा स्वार ७० किलो, सायकल २० किलो आणि मागे दुधाचे ६० किलो. एकूण दीडशे किलो. त्यांपैकी शंभराच्या आसपास मागच्या चाकावर. या चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे दहा किलोमीटरमध्ये ते सुमारे साडेचार हजार वेळा फिरते. तितक्याच वेळा प्रत्येक तार क्षणभर सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. तार एका मोठ्या धक्क्याने तुटल्याचे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ती या लाखो फेऱ्यांनी थकलेली असते.

१९/
म्हणून तार सहसा मधोमध तुटत नाही. ती हबच्या छिद्रापाशी, जेथे तिला वाकण दिलेले असते तेथे तुटते. आणि येथे एक उलटा वाटणारा नियम लागू होतो: सैल बसवलेली तार घट्ट बसवलेल्या तारेपेक्षा लवकर तुटते. सैल तार प्रत्येक फेरीत वाकणापाशी हलते. घट्ट तारेचा ताण कमी-जास्त होतो, पण ती जागेवरून हलत नाही. नव्या सायकलच्या तारा काही दिवसांनी पुन्हा आवळाव्यात, हा मिस्त्रीचा आग्रह यावर आधारलेला आहे.

२०/
काळ्या सायकलचा दांड्यांचा ब्रेक आज अडगळीचा वाटतो. त्यामागेही रस्त्याचा विचार होता. त्याचे रबरी ठोकळे रिमच्या बाजूंना न लागता आतल्या अंगाला लागतात. खड्ड्यात आदळून रिम डावी-उजवीकडे किंचित ‘आऊट’ झाली तरी ठोकळे घासत नाहीत आणि सायकल गावापर्यंत पोहोचते. पावसात हा ब्रेक दुबळा पडतो, हा त्याचा खरा दोष. पठारावर तो चालून जाई. घाटात मात्र स्वार उतरून सायकल हातात धरून चाले.

२१/
अशा चाकांची कसोटी मुंबईच्या तरुणांनी जगभर घेतली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर, त्यात इराणचे वैराण प्रदेश आणि वाळवंटे. आजचे हलके धातू आणि गिअर तेव्हा नव्हते. होते ते तारांचे चाक आणि ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त करण्याची कला.

२२/
युद्धांनीही चाकाची परीक्षा घेतली. १९४१-४२ मध्ये मलायात उतरलेल्या जपानी पायदळाने हजारो सायकली वापरल्या. टायर फुटले की सैनिक नुसत्या रिमवर सायकली दामटत. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्यात व्हिएतनामी स्वयंसेवकांनी बांबूने बळकट केलेल्या सायकलींवर दोनशे किलोंहून अधिक ओझे डोंगरांतून ढकलत नेले. तेथे स्वार खोगिरावर नव्हता, बाजूने चालत होता. ओझे वाढवायचे तर स्वार उतरवा, हे बंजाऱ्यांच्या हिशेबाशी मिळतेजुळते उत्तर होते.

२३/
स्वातंत्र्यानंतर भारतात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासकडे टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होताच. इंग्लंडमध्ये लोक हलक्या सायकलींकडे वळत असताना या कारखान्यांनी काळी जड सायकल चालू ठेवली. तिला मागासलेपणाची खूण मानणारे विसरतात की तिचे बहुसंख्य गिऱ्हाईक हौसेने फिरणारे नव्हते. त्यांत गवळी होते, पाववाले होते, पोस्टमन आणि गिरणीकामगार होते.

२४/
प्रभाव उलट्या दिशेनेही पडला. सायकलसाठी जन्मलेला हवेचा टायर अखेर बैलगाडीला लागला. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या टायरगाड्या त्याच वंशातल्या. लोखंडी धाव रस्ता कापत जाई, रबरी टायर भार पसरवतो आणि रुतत नाही. ज्या बैलगाडीच्या चाकापासून सायकल दूर गेली, त्याच गाडीला तिने आपला शोध परत दिला.

२५/
मग आजच्या गिअरच्या सायकली अधिक मजबूत आहेत का? धातू निश्चितच सुधारले. पण एक किंमत मोजावी लागली. मागच्या हबवर गिअरची सात-आठ किंवा अधिक चक्रे बसवायची तर उजव्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या लावाव्या लागतात आणि डाव्या बाजूच्या तिरप्या. त्यामुळे उजव्या तारांवर ताण फार आणि डाव्यांवर कमी. एकाच फ्रीव्हीलच्या जुन्या चाकात हा असमतोल नगण्य होता. जुने चाक जड असूनही टिकले, त्याचे एक कारण हे आहे.

२६/
इतिहासातून निघणारे नियम थोडकेच आहेत. चाक निवडताना सायकलचे वजन न पाहता स्वार आणि सामान यांचे एकत्र वजन पाहावे. वजन अधिक, रस्ता खडीचा, तर मागच्या चाकाला ३६ तारा उत्तम. हलका स्वार आणि डांबरी रस्ता असेल तर कमी तारांनी भागते. टायर रुंद घ्यावा, कारण रिमचा पहिला रक्षक हवा आहे. हवा कमी ठेवून खडीवर जाऊ नये. आणि तारा समान ताणलेल्या आहेत का, हे हाताने छेडून ऐकावे: एका बाजूच्या तारांचा स्वर सारखा यायला हवा.

२७/
हा शेवटचा नियम पुस्तकांतून आलेला नाही. गावोगावचे सायकल मिस्त्री चाक उलटे टांगून, फिरवून, खडूचा तुकडा रिमजवळ धरून आऊट काढत आले आहेत. जेथे खडू लागेल तेथली एका बाजूची तार पाव फेरा आवळायची, समोरची तितकीच सैल करायची. तुंब्यात आरे ठोकणाऱ्या सुताराचा आणि धाव चढवणाऱ्या लोहाराचा हाच वारस. एकेका मिस्त्रीचे दुकान बंद होते तेव्हा या परंपरेतला एकेक दुवा निखळतो.

२८/
हा प्रश्न केवळ हौशी सायकलस्वारांचा नाही. महाराष्ट्रातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट बहुधा काळ्या मातीची किंवा उखडलेल्या खडीची असते. मागे दप्तर, कधी लहान भावंड. तार तुटली आणि जवळ मिस्त्री नसला, की सायकल भिंतीला टेकते आणि पुष्कळदा शाळाही सुटते. चाकाच्या मजबुतीवर एका मुलीचे शिक्षण तोललेले असते.

२९/
आज अजिंठ्याच्या घाटातून ट्रक आणि बस धावतात. पहाटे सिल्लोडहून लेण्यांकडे निघालेले काही सायकलस्वारही आता दिसतात. त्यांच्या चाकांत केलीची कल्पना आहे, स्टार्लीची जाळी आहे आणि डनलॉपची हवा आहे. पण रस्त्याच्या कडेला काळी माती तीच आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तोफा ओढणाऱ्या बैलांना तिने जो प्रश्न विचारला होता, तोच ती आजच्या स्वारालाही विचारते: ओझे किती, वाट कशी, आणि तुझे चाक त्या दोन्हींना पुरेल का?